मॅडम, ही पण चौकट भरायची का?

सहामाहीचा भूमितीचा पेपर वाटून जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर करून विचारलं, मॅडम, ही पण चौकट भरायची का? मी पुण्यात एका रात्रशाळेत दहावीला गणित शिकवते, दिवसा पतसंस्थेत नोकरी. मुलगा म्हणतेय पण हा सव्वीस वर्षांचा आहे, पहाटे मंडईत भाजीची पोती उतरवतो, दुपारी झोप काढतो आणि संध्याकाळी साडेसहाला वर्गात हजर. त्याच्या पेपरात डोकावून बघितलं आणि पोटात गोळाच आला. मी घरी टाईप केलं होतं त्रिकोण एबीसी समरूप त्रिकोण पीक्यूआर, म्हणजे आधी △, मग ∼, मग परत △. छापून आलं होतं □एबीसी □ □पीक्यूआर. तिन्ही चिन्हांच्या जागी चौकटी. खाली ∠ होता तिथेही चौकट, ≅ होतं तिथेही चौकट.

ज्यांनी दहावीचा आपला गणिताचा पेपर बघितलाय त्यांना लगेच कळेल की हे किती वाईट झालं. आपल्याकडे 'कृती पूर्ण करा' असा प्रश्न असतो, अर्धं उत्तर छापलेलं आणि मधेमधे रिकाम्या चौकटी, त्या मुलांनी भरायच्या. आणि भूमितीत चौकोनासाठी पण हेच चिन्ह, □एबीसीडी म्हणजे चौकोन एबीसीडी. म्हणजे माझ्या पेपरात एकच चौकट तीन अर्थांनी आली, एक खरोखरची रिकामी जागा, एक चौकोन, आणि एक कॉम्प्युटरला जे चिन्ह सापडलं नाही त्याच्या जागी त्याने टाकलेली चौकट. मुलांनी काय समजायचं?

मी फळ्यावर सगळी चिन्हं लिहून दिली, पण तोवर बऱ्याच जणांनी लिहायला सुरुवात केलेली. घरी येऊन पेपर तपासायला घेतले तर एकाने प्रत्येक चौकटीत ५० लिहिलेलं, कारण खाली कुठेतरी ५०° दिलं होतं. एका मुलीने तीन अक्षरांचा चौकोन कसा असेल म्हणून चौथा बिंदू स्वतः घेऊन आकृतीच बदलून टाकलेली, आणि तिचा विचार अगदी बरोबर होता, जे छापलंय त्याप्रमाणे. ही पोरं दिवसभर काम करून येतात, कोणी गॅरेजमध्ये, कोणी हॉटेलात, एक जण तर कात्रजवरून सायकलने येतो. त्यांना अभ्यासाला मिळून मिळून दोन तास मिळतात आणि ते मी असल्या पेपरावर घालवले ह्याचं मला खूप वाईट वाटलं. तो प्रश्न मी सगळ्यांसाठी रद्द केला आणि ठरवलं की ही चिन्हं टाईप करणं नीट शिकल्याशिवाय पुढचा पेपर काढायचा नाही.

तोपर्यंतची पद्धत सांगते. गेली अकरा वर्षं मी पेपर हाताने लिहून झेरॉक्स काढायचे. माझं अक्षर चांगलं आहे, वर्गमूळाचं चिन्ह, कोन, लंब, सगळं पट्टी घेऊन व्यवस्थित काढायचे, कधीच तक्रार नव्हती. पण आता मुलांना पेपर मोबाईलवर पाहिजे असतो, कामावर जेवणाच्या सुट्टीत एखादं गणित सोडवतात, आणि हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो मोबाईलवर वाचताना वर्ग आणि घन ह्यात फरकच कळत नाही. म्हणून टाईप करायचं ठरलं. मराठी टायपिंग मला येतं, पतसंस्थेत रोजचंच आहे. लॅपटॉप भाचीचा जुना, चौदा इंची. त्यामुळे मला वाटलं होतं की अवघड काहीच नाही, दोन संध्याकाळी बसले की पेपर तयार.

अडलं कुठे, तर पहिल्याच ओळीत. कीबोर्डवर बेरीज आहे, वजा म्हणून एक छोटी रेघ आहे, बरोबरचं चिन्ह आहे, लहान मोठंची चिन्हं आहेत. गुणिले नाही, भागिले नाही, वर्गमूळ नाही, कोन नाही, 'म्हणून'चं चिन्ह नाही, 'कारण'चं चिन्ह नाही. आपला हा कीबोर्ड मुळात टाईपरायटरवरून आला, तो पत्रव्यवहारासाठी, आणि कॉम्प्युटर आल्यावर १९६० च्या दशकात आस्की नावाची जी यादी ठरली तिच्यात सगळ्या मिळून १२८ जागा, त्यात अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, आणि मशीनला द्यायच्या आज्ञा. गणिताची चिन्हं त्यात मावलीच नाहीत. गुणाकाराला चांदणी आणि भागाकाराला तिरकी रेघ ही सवय तिथूनच लागलेली आहे.

बरेच जण तसंच चालवून नेतात. गुणिलेच्या जागी इंग्रजी एक्स. पण बीजगणितात एक्स म्हणजे चल, मग दोन एक्स गुणिले तीन एक्स लिहिताना ओळीत तीन एक्स दिसतात आणि कुठला कोण ते लेखकालाच माहीत. मागे एका जुन्या टाईप केलेल्या पेपरात मी स्वतः बघितलंय, एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य असं समीकरण होतं, पण दोन हा वर टाकायचा राहिला आणि छापून आलं एक्सला चिकटून साधा दोन. एका मुलाने ते दोन एक्स समजून सात एक्स बरोबर वजा सहा केलं आणि एक्स बरोबर वजा सहा सप्तमांश असं उत्तर काढलं. उत्तरपत्रिकेत वजा दोन आणि वजा तीन होतं, म्हणून त्याला शून्य. त्याचं काय चुकलं? मला अजूनही ते आठवलं की राग येतो.

तर सुरुवात मी इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स अशी केली, वर्डमध्ये ती एक मोठी जाळी उघडते आणि त्यात शोधत बसायचं. एक कोन शोधायला अर्धा मिनिट. भूमितीच्या पेपरात कोन साधारण पन्नास वेळा तरी येतो. मग मी एक ओळ करून ठेवली, त्यात सगळी चिन्हं एकदा आणून ठेवली आणि तिथून कॉपी पेस्ट. हे बरं चाललं पण दर वेळी वर जा, उचला, खाली या, तोपर्यंत डोक्यातलं वाक्य तुटायचं. तोच पेपर मी पेनड्राईव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात दिला आणि तिथल्या कॉम्प्युटरवर चौकटी झाल्या. तेव्हा मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, घरी स्क्रीनवर सगळं दिसत होतं म्हणजे छापूनही येणार असंच वाटलं.

सहामाहीनंतर भूगोलाच्या बाईंनी एक कागद दिला, त्यांच्या मुलाने कधीतरी लिहून दिलेला. ऑल्ट धरून २५१ दाबलं की वर्गमूळ, २४१ अधिक-वजा, २४६ भागिले, २४८ अंश, २२७ पाय (π), २५३ वर्ग, आणि शून्य लावून ०२१५ म्हणजे गुणिले, ०१७९ म्हणजे घन. मी घरी आले, ऑल्ट धरलं, वरच्या रांगेतले आकडे दाबले, काहीच नाही. परत, हळू, जोरात, काहीच नाही. भाचीला फोन केला तर ती म्हणाली, मावशी, हे वरचे आकडे चालत नाहीत, उजवीकडे जो आकड्यांचा वेगळा गठ्ठा असतो ना कॅल्क्युलेटरसारखा, तेच लागतात, आणि तुझ्या लॅपटॉपला ते नाहीचेत. काही लॅपटॉपमध्ये म्हणे जे के एल आणि यू आय ओ ह्या बटणांच्या पोटात ते आकडे लपवलेले असतात, एफएन दाबून चालू होतात, बटणाच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं. मी चष्मा लावून एकेक बटण बघितलं, माझ्याकडे नव्हतं.

मग शनिवारी तपकीर गल्लीत गेले. त्या गल्लीत शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, पण इलेक्ट्रॉनिकचं काहीही मिळतं. नुसत्या आकड्यांचा छोटा कीबोर्ड पाहिजे म्हणल्यावर दुकानदाराने लगेच काढून दिला, न्यूमपॅड म्हणतात त्याला, साडेचारशे रुपये, यूएसबीला लावायचा. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तो लावला. न्यूमलॉक दाबलं, बारका हिरवा दिवा लागला, डाव्या हाताने ऑल्ट धरलं आणि उजव्या हाताने दोन, पाच, एक. ऑल्ट सोडलं आणि स्क्रीनवर √ उमटलं. मी खरंच टाळी वाजवली, घरात कोणी नव्हतं तरी. एवढं साधं चिन्ह, १५२५ सालापासून छापलं जातंय, जर्मन गणिती ख्रिस्तोफ रुडोल्फने पहिल्यांदा छापलं, आणि माझ्या बोटातून ते यायला पाचशे वर्षांनी एक शनिवार लागला.

एक सांगते, हे कोड इंग्रजी कीबोर्ड चालू असतानाच वापरा, मराठी चालू ठेवून माझ्याकडे भलतंच काहीतरी येत होतं.

पण आनंद फार टिकला नाही कारण बीजगणिताचं काम भागलं, भूमितीचं नाही. कोन, लंब, समांतर, एकरूप, म्हणून, ह्यातलं एकही त्या कागदावर नव्हतं. मला वाटलं कागद अपुरा आहे. नाही. ही ऑल्टच्या तीन आकड्यांची यादीच मुळात आयबीएमच्या १९८१ च्या पीसीतली आहे, तिच्यात २५५ पर्यंतच आकडे, त्यातले निम्मे इंग्रजीने घेतलेले, उरलेल्यात युरोपातली अक्षरं, तक्ते काढायच्या रेघा आणि थोडी चिन्हं. त्यात कोन कुठून येणार.

हे मला सांगितलं अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्या काकांनी. त्यांनी गणिताच्या गाईडांचं टायपिंग कित्येक वर्षं केलंय, आता सत्तरीला आलेत, दुकान मुलगा बघतो पण ते दुपारी येऊन बसतात. मी एका वहीचं बाईंडिंग करायला गेले होते आणि सहज विषय काढला. ते म्हणाले, बाई, आमच्या वेळी एका चिन्हासाठी वेगळा फाँट असायचा, मराठी एका फाँटमध्ये, चिन्हं दुसऱ्यात, आणि फाँट बदलायचा राहिला की कोनाच्या जागी भलतंच अक्षर. तुम्हाला आता युनिकोड आहे, प्रत्येक चिन्हाचा जगात एकच नंबर, देवनागरीला पण आणि गणिताला पण. मग त्यांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहून दिलं, कोन २२२०. वर्डमध्ये हे चार आकडे टाईप करायचे, साधे वरच्या रांगेतले, न्यूमपॅड नको काही नको, आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबायचं. आकडे जातात आणि ∠ येतो.

तो पुठ्ठा मी अजून ठेवलाय. त्यावर आता माझी भर पडून असं झालंय: म्हणून ∴ २२३४, कारण ∵ २२३५, समांतर ∥ २२२५, एकरूप ≅ २२४५, समरूप ∼ २२३ आणि पुढे इंग्रजी सी, लंब ⊥ २२ए५ म्हणजे मधे इंग्रजी ए, वर्गमूळ २२१ए, बरोबर नाही ≠ २२६०, लहान किंवा बरोबर ≤ २२६४, मोठं किंवा बरोबर ≥ २२६५, त्रिकोण △ २५बी३, थीटा ०३बी८. गणिताची बहुतेक चिन्हं २२ ने सुरू होतात हे लक्षात आलं की पाठ करायला सोपं जातं, युनिकोडमध्ये २२०० पासून २२एफएफ पर्यंत २५६ जागा खास गणितासाठीच ठेवल्यात. मी रोज बसमध्ये येताजाता पाच पाच पाठ केले, पाढ्यांसारखे.

ह्यात दोन ठिकाणी मी अडकले ते सांगते कारण कोणीही अडकेल. पहिलं म्हणजे आकडे इंग्रजीच पाहिजेत. माझा मराठी कीबोर्ड चालू राहिला होता आणि मी २२२० टाईप करून ऑल्ट एक्स दाबलं, तर कोन यायच्या ऐवजी शेवटच्या शून्याच्या जागी ०९६६ असं आलं. मला वाटलं लॅपटॉप बिघडला. प्रकार असा की मराठी शून्य हे वर्डच्या दृष्टीने एक अक्षर, त्याचा स्वतःचा नंबर ०९६६, आणि ऑल्ट एक्स उलटं पण काम करतं, अक्षरामागे दाबलं की त्याचा नंबर दाखवतं. हे कळल्यावर मात्र मला त्याचा उपयोगच झाला, कुठल्याही अनोळखी चिन्हाच्या लगेच नंतर कर्सर ठेवायचा आणि ऑल्ट एक्स, नंबर समोर. दुसरं म्हणजे आधीचं अक्षर चिकटलेलं असेल तर गोंधळ. पाच बरोबर नाही सात लिहायचं म्हणून पाचाला चिकटून २२६० टाईप केलं तर वर्ड ते सगळं एकच ५२२६० धरतं आणि परत ती चौकट. मधे एक स्पेस सोडायची, चिन्ह आलं की पाहिजे तर स्पेस काढायची. इंग्रजी ए ते एफ अक्षरांचं पण तसंच, आणि भूमितीत बिंदूंची नावं ए बी सी डी असतात, त्यामुळे हे सारखं होतं.

पुढची कटकट वेगळीच. आमच्या पेपरात वाक्य मराठी, बिंदूंची नावं इंग्रजी, चिन्हं गणिताची. 'त्रिकोण एबीसी मध्ये रेख एडी लंब रेख बीसी, तर सिद्ध करा' एवढ्या ओळीत मी कीबोर्ड मोजून सात वेळा बदलला, विंडोज आणि स्पेस, विंडोज आणि स्पेस. चिन्ह आठवायचं, नंबर आठवायचा, कुठली भाषा चालू आहे ते कोपऱ्यात बघायचं. रात्री साडेअकराला डोळे चुरचुरायला लागायचे. इथे मी जवळजवळ सोडून दिलं होतं, म्हणलं हातानेच लिहू आणि चांगल्या मोबाईलने स्कॅन करू.

भाची रविवारी जेवायला आली, तिने बघितलं आणि फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं आत आत जाऊन मॅथ ऑटोकरेक्ट नावाचं पान उघडलं. तिथे वर एक टिक आहे, समीकरणाच्या बाहेर पण हे नियम वापरा अशा अर्थाची, ती केली. आता बॅकस्लॅश मारून इंग्रजीत अँगल लिहिलं आणि स्पेस दिली की कोन, पर्प लिहिलं की लंब, देअरफोर लिहिलं की म्हणून, थीटा लिहिलं की थीटा. नंबर पाठ नसले तरी चालतं, शब्दच आहेत. त्याच पानावर आपले स्वतःचे शब्द पण घालता येतात. मी त्रिकोणासाठी बॅकस्लॅश आणि टीआर घातलं, कोनासाठी केएन, चौकटीसाठी सीएच. इंग्रजी बिंदूंची नावं टाईप करायला कीबोर्ड इंग्रजीत नेलेलाच असतो, त्यातच चिन्ह पण उरकतं, म्हणजे ओळीत सातच्या जागी तीन चार वेळाच बदलावं लागतं. ऐकायला बारीक गोष्ट आहे पण पूर्ण पेपरात एक तास वाचतो.

भाची स्वतः लेटेक नावाचं गणित टाईप करायचं सॉफ्टवेअर वापरते, ती गणितात एमएससी करतेय आणि तिच्याकडे सगळे त्यातच लिहितात. त्याच्या मुळाशी जे टेक आहे ते डोनाल्ड नूथ ह्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७७ साली करायला घेतलं, स्वतःच्या पुस्तकाची नवी छपाई बघून समाधान झालं नाही म्हणून. मला हे ऐकून फार बरं वाटलं. गणित छापून नीट दिसलं पाहिजे म्हणून एवढ्या मोठ्या माणसाने आयुष्यातली वर्षं घातली. मी पण दोन रात्री शिकायचा प्रयत्न केला, देवनागरीसाठी वेगळी सोय लावावी लागते ती भाचीने लावून दिली, पण शाळेत माझा पेपर मुख्याध्यापकांना उघडून एखादा शब्द बदलायचा असतो आणि तिथे वर्डच आहे, म्हणून ते तात्पुरतं बाजूला ठेवलं. मे महिन्यात परत बसणार आहे.

पण त्यातले बरेच शब्द वर्डच्या समीकरणाच्या खोक्यात जसेच्या तसे चालतात. ऑल्ट धरून बरोबरचं बटण दाबलं की खोकं उघडतं. वर्गसमीकरणाचं सूत्र मी पहिल्यांदा टाईप केलं तो क्षण मला आठवतो. एक्स बरोबर, कंस सुरू, वजा बी, बॅकस्लॅश पीएम, बॅकस्लॅश एसक्यूआरटी, परत कंस, बी, टोपीचं चिन्ह, दोन, वजा चार ए सी, दोन्ही कंस पूर्ण, तिरकी रेघ, दोन ए. एका ओळीत आडवं पडलेलं सगळं, बघायला काहीच नाही. आणि मग स्पेस दाबली. सगळी ओळ उठून उभी राहिली, वर अंश, मधे रेघ, खाली दोन ए, आणि वर्गमूळाचं छप्पर बरोब्बर चार ए सी पर्यंत गेलेलं. कंस जे मी फक्त त्याला समजावायला घातले होते ते आपोआप गेले. हाताने लिहिताना ते छप्पर कुठपर्यंत न्यायचं हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगतेय, छप्पर बी वर्गावरच थांबलं तर उत्तर चुकतं, आणि इथे कंस कुठे बंद केला त्यावरून ते ठरतं. त्या दिवसापासून मी वर्गात छपराला अदृश्य कंस म्हणायला लागले आणि दोन तीन मुलांची ती चूक खरंच कमी झाली.

खोक्यात मराठी मात्र लिहू नका. मी एकदा 'म्हणून क्षेत्रफळ बरोबर' असं आत लिहिलं तर ते वेगळ्याच तिरप्या वळणाने, अंतर सोडून आलं. मराठी बाहेर, समीकरण आत, असंच ठेवते.

मधे एक दिवस मी मुलांना ह्या चिन्हांबद्दलच सांगितलं, अर्धा तास, पोर्शन बाजूला ठेवून. बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड ह्यांनी आणलं, दोन समांतर रेघा, कारण त्याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्यांचं म्हणणं. गुणिलेची फुली १६३१ ची, ऑट्रेड ह्यांची. आणि आपल्याकडे भास्कराचार्य, जन्म १११४ चा, त्यांच्या परंपरेत अव्यक्त संख्येला यावत्तावत् म्हणायचे आणि लिहिताना नुसतं 'या', करणी म्हणजे वर्गमूळातली संख्या तर आधी 'क' लिहायचा, आणि ऋण संख्या असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. म्हणजे अक्षरंच चिन्हं होती. ते ऐकून गॅरेजवाला मुलगा म्हणाला, मॅडम, मग ते तर आपल्या मराठी कीबोर्डवर आहे की सगळं. मला त्याचं हे बोलणं इतकं आवडलं की मी फळ्यावर 'या' घेऊन एक समीकरण सोडवून दाखवलं.

ऋणावरून आठवलं, वजाचं चिन्ह. कीबोर्डवरची छोटी रेघ ही खरी जोडरेघ आहे, दोन शब्द जोडायची, वजा नाही. दिसायला पण आखूड. आणि वर्ड तिथे ओळ तोडतं, त्यामुळे माझ्या एका पेपरात वजा ओळीच्या शेवटी राहिला आणि पाच खालच्या ओळीत गेला, आणि अर्ध्या वर्गाने अधिक पाच घेतलं. खरा वजा २२१२, तो लांब आहे, अधिकच्या आडव्या रेघेएवढा. आता मी तोच वापरते, सगळ्या पेपरात, एकही जोडरेघ ठेवत नाही.

राहिला छपाईचा प्रश्न, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं. डीटीपीवाल्या काकांनी एका वाक्यात सांगितलं, फाईल देऊ नका, पीडीएफ द्या. वर्डची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की तिथले फाँट वापरते, तिथे ते चिन्ह असलेला फाँट नसेल तर चौकट. पीडीएफ करताना फाँट फाईलच्या पोटातच घालून जातो. तेव्हापासून पीडीएफ करते, ती आधी मोबाईलवर उघडून बघते कारण मोबाईलवर माझ्या लॅपटॉपचे फाँट नाहीत, तिथे दिसलं म्हणजे दुकानातही दिसणार. मग दुकानात एकच प्रत काढून घेते, तिथेच उभी राहून पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचते, आणि मगच चौतीस प्रती सांगते. मागे रांग असली तरी. एकदा एका काकांनी घाई आहे म्हणून आवाज केला, त्यांना म्हणलं मुलांचा पेपर आहे, दोन मिनिटं द्या, तर ते पण डोकावून बघायला लागले आणि म्हणाले, आमच्या वेळचा पायथागोरस आहे की.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. बीजगणित आणि भूमिती, चाळीस चाळीस मार्कांचे दोन्ही पेपर मी टाईप केले. चौकटी होत्या, पण कृतीच्या प्रश्नात, जितक्या पाहिजेत तितक्याच, आणि त्या मी मुद्दाम टेबलच्या खान्यासारख्या मोठ्या काढल्या म्हणजे चौकोनाच्या चिन्हाशी घोळ नको. मंडईतल्या मुलाने मधे हात वर केला तेव्हा मी जागेवरून उठलेच, पण त्याला पुरवणी पाहिजे होती. समरूपतेचा प्रश्न त्याने पूर्ण सोडवला, प्रत्येक पायरीच्या आधी ∴ काढून, तीन टिंबं अगदी गोल.

आता विज्ञानाचे सर मागे लागलेत, त्यांना रासायनिक समीकरणांचे बाण पाहिजेत. साधा बाण २१९२, वायू बाहेर जातो तो वरचा बाण २१९१, साका खाली बसतो तो २१९३, आणि दोन्ही दिशांचा, वर एक खाली एक, तो २१सीसी. पुठ्ठ्यावर जागा संपली म्हणून मागच्या बाजूला लिहायला घेतलंय. त्यांच्या लॅपटॉपलाही आकड्यांचा गठ्ठा नाहीये. उद्या साडेपाचलाच स्टाफरूममध्ये या म्हणलंय, वर्ग सुरू व्हायच्या आधी एक पान तरी बसवून होईल.